एकोणचाळीस आणि एकावन्न

तानाजी मगदूम यांच्या तोंडात हर्षदाची दोन बोटंसुद्धा शिरेनात.

“एवढंच उघडतंय बघा,” दातांच्या फटीतून ते म्हणाले. “पर ह्याच फटीतनं तीस हजार माणूस उठवून उभा करतोय मी. इचारा कुणालाबी.”

विचारायची गरज नव्हती. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या कुस्तीच्या मैदानांत गेली सव्वीस वर्षं हाच आवाज घुमत होता. आखाड्यात उतरलेला पैलवान कुठल्या गावचा, कुणाच्या तालमीतला, मागच्या साली त्यानं कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं, हे सगळं तानाजीराव हातात कागद न घेता सांगायचे. कुस्ती रेंगाळली तर त्यांच्या बोलण्यावर मैदान बसून राहायचं.

“बोलू नगासा जास्त,” त्यांची बायको मालन खाटेच्या पायथ्याशी उभी होती. “मॅडमना काम करू द्या.”

पंधराव्या वर्षापासून सुपारी. तीन दशकांत गालांचं आतलं अस्तर वाळल्या चामड्यासारखं ताठ झालं होतं आणि जिभेच्या डाव्या कडेला चिंचोक्याएवढी गाठ आली होती. ती गाठ आज निघणार होती. हर्षदानं शस्त्रक्रियेपूर्वीचं नेहमीचं काम केलं. मोजणीच्या काडीचं टोक उजव्या, रोग नसलेल्या गालाला आतून टेकवलं. पडद्यावर आकडा आला, एकोणचाळीस. शेजारी हिरवा दिवा.

निरोगी अस्तराचा आकडा सहसा सेहेचाळीसच्या पुढे असतो. टोक नीट टेकलं नसेल म्हणून तिनं पुन्हा टेकवलं. पुन्हा एकोणचाळीस. कमी आहे, पण हिरवा आहे, असं म्हणून तिनं तो लिहून घेतला आणि तानाजीरावांना आत घेऊन गेले.

हर्षदा चौगुले डॉक्टर नव्हती. ती पदार्थविज्ञानाची माणूस. पण शहराबाहेरच्या त्या कर्करोग रुग्णालयात तिच्या शब्दाशिवाय टाका पडत नसे, कारण काडी तिची होती.

काडी म्हणजे काही गूढ प्रकार नव्हता. पूर्वी छपरावरच्या डिशपासून टीव्हीपर्यंत एक गोल वायर यायची. मधे तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरं आवरण, वर धातूची जाळी. तशीच वायर दाभणाइतकी बारीक करायची आणि तिचं टोक सपाट कापून उघडं ठेवायचं. मग आतून सूक्ष्मलहरी सोडायच्या. उघड्या टोकाला जे टेकलं असेल त्यात त्या थोड्या शिरतात, उरलेल्या मागं फिरतात. किती फिरल्या आणि किती रेंगाळून फिरल्या, यावरून समोर काय आहे ते ओळखता येतं.

ओळख पटते ती मुख्यतः पाण्यामुळं. पाण्याच्या रेणूचं एक टोक धन, दुसरं ऋण. लहर आली की तो तिच्या तालावर वळू पाहतो. मोकळं पाणी जितकं जास्त तितकी ही वळवळ मोठी आणि पडद्यावरचा आकडाही मोठा. चरबीचा आकडा लहान, स्नायूचा मोठा, आणि पाण्यानं टचटचलेल्या, दाटीवाटीनं वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींचा त्याहून मोठा. बावन्नपर्यंत हिरवा दिवा, छप्पन्नच्या वर लाल, मधल्या पट्ट्यात पिवळा. गाठ काढल्यावर उरलेल्या जखमेच्या कडांना काडी टेकवत जायचं. सगळीकडे हिरवा लागला की शिवून टाकायचं. एका टेकवण्याला दोन सेकंद.

कुठला आकडा निरोगी आणि कुठला रोगट, हे ठरवणारा तक्ता हर्षदानं केला होता. तीन रुग्णालयांतून दोन हजारांवर नमुने, चार वर्षांचं काम. सहा वर्षांपूर्वी तो तक्ता मान्य झाला आणि बघता बघता जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला.

त्याआधी हे काम सूक्ष्मदर्शक करायचा. शस्त्रक्रिया चालू असतानाच कडेचा तुकडा गोठवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि तज्ज्ञानं डोळा लावून सांगायचं. वीस-पंचवीस मिनिटं जायची. काडी आल्यावर तेवढा वेळ थांबायला कुणी तयार होईना. तज्ज्ञांच्या रिकाम्या जागा रिकाम्याच राहिल्या, भरलेल्या हळूहळू बंद झाल्या. या रुग्णालयातली जी जागा बंद झाली तिच्यावर डॉ. उन्मेष चौगुले होते, म्हणजे हर्षदाचा नवरा.

उन्मेष आता वैद्यकीय महाविद्यालयात मुलांना शिकवायचा. तो कधी एका शब्दानं बोलला नाही. घरात पाण्याच्या टाकीवर बोलणं व्हायचं, मुलीच्या परीक्षेवर व्हायचं. काडीचा विषय मात्र जेवणाच्या ताटावर कधी आला नाही.

डॉ. सरफराज मुजावरांचा हात हलका होता. पाऊण तासात गाठ निघाली, तीही जीभ फारशी न दुखावता. “फार खोल गेली नाहीये,” ते म्हणाले. “महिन्याभरात मैदानात बोलेल हा माणूस. हर्षदा, ये.”

तिनं काडी गरम पाण्यात धरून अंगाच्या तापमानावर आणली आणि जखमेच्या कडेनं बिंदू घ्यायला सुरुवात केली. अडतीस. एकोणचाळीस. एकोणचाळीस. चाळीस. दिवे हिरवे लागत गेले. परिचारिकेनं टाक्यांचा दोरा काढून ठेवला.

अकरावा बिंदू जखमेच्या तळाशी, मागच्या बाजूला होता. एकावन्न. हिरवा.

बारावा, पन्नास. हिरवा.

तेरावा पुन्हा एकोणचाळीस.

“झालं?” मुजावरांनी विचारलं.

“एक मिनिट.”

तिनं ती जागा कापसानं टिपून घेतली. रक्त साचलं असेल तर आकडा वर चढतो. पुन्हा टेकवली. एकावन्न. दाब कमी केला, टोक पुसून पुन्हा टेकवलं. एकावन्न.

एकावन्न हा कुणाच्याही जिभेचा निरोगी आकडा होता. या माणसाचा मात्र नव्हता. या माणसाचं निरोगी म्हणजे एकोणचाळीस, सकाळी गालावर आणि आत्ता जिभेवरही. सुपारीनं अस्तर ताठ होतं तेव्हा त्यात दोऱ्यासारखे तंतू भरतात आणि पाणी ओसरतं. अशा कोरड्या जागेत रोग आला तर तोही पाणी घेऊनच येणार, पण एकोणचाळीसवर बारा चढले तरी एकावन्नच होतात. तक्त्याच्या हिशेबानं ठणठणीत.

अशी माणसं तक्त्यात का नाहीत, हे या खोलीत तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तोंड नीट न उघडणाऱ्यांच्या तोंडात काडी वाकडी शिरायची, आकडे मागंपुढं व्हायचे, आलेख विस्कटायचा. दोनशे अकरा रुग्ण तिनं स्वतः वगळले होते. अहवालाच्या तळटीपेत एक ओळ होती, ‘मोजणी अविश्वसनीय असल्याने’. त्या वेळच्या बैठकीत उन्मेष उभा राहून म्हणाला होता, “वगळलेलेच तर आमच्याकडे जास्त येतात.” सगळ्यांना वाटलं, खुर्ची जाणार म्हणून बोलतोय. तिलाही तसंच वाटलं होतं.

“सर, शिवू नका,” ती म्हणाली. “अकरा आणि बारा मला बरोबर वाटत नाहीत.”

“हिरवे आहेत.”

“हिरवे आहेत, पण या पेशंटसाठी तक्ताच लागू नाही.”

मुजावरांनी मान वर केली. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. “हा तक्ता कुणाचा आहे, हर्षदा?”

“माझा.”

“आणि तू म्हणतेस तो चुकलाय. मी आणखी कापायचं. तिथून सेंटिमीटरभर घेतलं तर अर्धी जीभ जाते. हा माणूस बोलून पोट भरतो. उद्या ते निरोगी निघालं तर मी त्याला काय सांगू?”

“कापू नका. आधी त्या जागेचा डाळीएवढा तुकडा द्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघून येते.”

“कुठला सूक्ष्मदर्शक? आपल्याकडचं गोठवायचं मशीन भंगारात जाऊन चार वर्षं झाली.”

“महाविद्यालयात आहे. मुलांना शिकवायला ठेवलंय.”

कोण शिकवतं, हे मुजावरांना माहीत होतं. भूलतज्ज्ञांकडे वळून त्यांनी विचारलं, “किती वेळ ठेवता येईल?”

“तासभर. त्यापुढं मला आवडणार नाही.”

“तास म्हणजे तास,” मुजावर तिला म्हणाले. “एक वाजून दहा मिनिटांनी मी शिवायला घेणार. आणि एक गोष्ट लक्षात घे. तुझं खरं निघालं तर हा एकटा तानाजी मगदूम नाही. सहा वर्षं मी हिरवा बघून शिवतोय.”

ओल्या जाळीत गुंडाळलेला तुकडा डबीत, डबी बर्फाच्या पिशवीवर. अकराव्या बिंदूच्या बाजूनं मुजावरांनी ओळखीसाठी काळ्या दोऱ्याचा एक टाका घातला होता. बाहेरच्या बाकावर मालन बसली होती. हर्षदाला धावत येताना बघून ती उठली.

“झालं काय?”

“अजून नाही. मी येते.”

“ह्ये काय हाय हातात?”

हर्षदा थांबली. खोटं बोलायला वेळ नव्हता. “त्यांच्या जिभेचा तुकडा आहे. अजून रोग उरलाय का, ते बघायला नेते.”

“काडीनं न्हाई का कळत?”

“या वेळी नाही कळत,” ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

गाडीतून तिनं फोन लावला. उन्मेषचा तास चालू होता. शिपायानं त्याला बाहेर बोलावलं.

“फ्रोझन करायचंय,” ती म्हणाली. “जिभेचं. मी पंधरा मिनिटांत पोचते.”

तिला वाटलं, तो विचारेल. काडीचं काय झालं, असं विचारायचा त्याला पूर्ण हक्क होता.

“मशीन थंड व्हायला वेळ लागतो,” तो म्हणाला. “आत्ताच चालू करतो. मागच्या दारानं ये, पुढं वाहनांची रांग आहे.”

दसरा चौकात सात मिनिटं गेली. ती पोचली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. उन्मेषनं हातमोजे चढवलेले होते. दोऱ्याचा टाका बघून त्यानं मान हलवली, तुकडा घट्टशा द्रवात बसवून गोठवला आणि यंत्राचं चाक फिरवायला लागला. पहिला काप चुरगळला. दुसराही. “तंतू आहेत भरपूर,” तो पुटपुटला. “सुपारी?”

“तीस-पस्तीस वर्षं.”

तिसरा काप सपाट आला. काचेवर घेतला, निळा रंग, पाणी, गुलाबी रंग, पाणी. हर्षदानं ही कामं लग्नाआधी त्याच्या प्रयोगशाळेत कितीदा पाहिली होती. तेव्हा तो रंगवताना गाणं गुणगुणायचा. आज गुणगुणत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजून सात मिनिटं झाली होती.

त्यानं डोळा लावला. काच सावकाश सरकवली, एक पट्टा, दुसरा पट्टा, पुन्हा पहिला. तिला विचारावंसं वाटत होतं आणि ऐकावंसं वाटत नव्हतं. निरोगी निघालं तर तिचा तक्ता वाचत होता. तानाजीरावांची जीभ वाचत होती. सगळंच वाचत होतं. तसं निघावं, असं तिच्या मनात आलं आणि त्याच वेळी त्या इच्छेची तिला भीती वाटली.

“आहे,” उन्मेष म्हणाला. “बघ.”

ती वाकली. गुलाबी तंतूंच्या जाड दोरखंडांमधून काळपट निळ्या पेशींची बोटं खोलवर घुसलेली होती. पदार्थविज्ञानाच्या माणसालाही कळावीत इतकी स्पष्ट.

तिनं मुजावरांना फोन लावला. एकाला तीन मिनिटं होती. “सर, आहे. अकरा आणि बारा, दोन्हीकडे.”

“किती घेऊ?” त्यांचा आवाज बदललेला होता.

“दिव्याच्या रंगाकडे बघू नका, काडी टेकवत जा. जिथं आकडा पुन्हा चाळीसच्या खाली येईल, तिथपर्यंत.”

फोन ठेवल्यावर ती स्टुलावर बसली. उन्मेष काचा धुऊन ठेवत होता.

“तू त्या बैठकीत सांगितलं होतंस,” ती म्हणाली.

“सांगितलं होतं. पण मलाही खात्री नव्हती, हर्षदा. निम्मं मी चिडून बोललो होतो.” त्यानं नळ बंद केला. “चिडलो नसतो तर नमुने घेऊन आलो असतो तुझ्याकडे. नाही आलो.”

तानाजीरावांची जवळजवळ अर्धी जीभ गेली. मनगटावरची कातडी घेऊन मुजावरांनी ती भरून काढली. तिसऱ्या आठवड्यात हर्षदा त्यांना भेटायला गेली, तेव्हा ते खिडकीशी बसले होते. बोलायला परवानगी होती, पण ते बोलत नव्हते. मांडीवर पाटी होती.

पाटीवर त्यांनी लिहिलं, ‘दिवा हिरवा होता म्हणे.’

“हो.”

‘तरी कापा म्हणून कुणी सांगितलं?’

“मी सांगितलं. रोग होता तिथं. राहिला असता तर वर्षभरात…”

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. पाटी पुसली, पुन्हा काही लिहायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं. मग ते भिंतीकडे तोंड करून बसले. मालन तिला दारापर्यंत सोडायला आली.

“राग हाय त्यांचा. तुमच्यावर न्हाई, सगळ्यावरच हाय,” ती म्हणाली. “मला जित्ता माणूस मिळालाय. पर त्यांचा राग त्यांचा हाय, तेला मी काय बोलू शकत न्हाई.”

पुढच्या उपचारांना ते दर आठवड्याला येत राहिले, वाचा शिकवणाऱ्या बाईंकडेही जात राहिले. समोरासमोर आले तर हर्षदाला मान देत. तिच्याशी बोलले मात्र कधीच नाहीत.

मुजावर म्हणाले होते ते खरंच होतं. हा एकटा तानाजी मगदूम नव्हता. व्यवस्थापनाच्या बैठकीत ठरलं की तक्ता दुरुस्त करावा, पुढच्या रुग्णांसाठी. मागचं उकरून काढलं तर घबराट होईल. कायद्याच्या सल्लागारांनी एकच वाक्य उच्चारलं, “लेखी काहीही पाठवू नका.”

हर्षदानं ते ऐकून घेतलं आणि मुजावरांच्या खोलीत गेली. दोघांनी मिळून सहा वर्षांच्या फायली काढल्या. तोंड दोन बोटंही उघडत नाही, अशी नोंद असलेले अठ्ठावन्न रुग्ण निघाले. काढलेल्या गाठी नियमानुसार मेणाच्या वड्यांमध्ये जपलेल्या होत्या. काडीनं हिरवा दाखवल्यावर त्या कुणी उघडून बघितल्या नव्हत्या. मुजावरांनी स्वतःच्या सहीनं त्या वड्या महाविद्यालयाकडे पाठवल्या.

तीन रविवार उन्मेष काप काढत राहिला आणि हर्षदा त्याच्या शेजारी बसून जुने आकडे नव्या हिशेबानं लावत राहिली. आधी तो सूक्ष्मदर्शकातून बघून सांगायचा, मग ती कागद उलटा करून आपला अंदाज दाखवायची. वगळलेले दोनशे अकरा आणि हे अठ्ठावन्न मिळून नवा तक्ता उभा राहिला. त्यात सगळ्यांना एकच रेघ नव्हती. प्रत्येकाचा आधी त्याच्या स्वतःच्या निरोगी गालाशी ताळा घ्यायचा, मग बोलायचं.

अठ्ठावन्नांपैकी एकोणपन्नासांच्या कडा स्वच्छ निघाल्या. नऊ जणांच्या नव्हत्या. मुजावरांनी नऊही घरी स्वतः फोन केले. आठ जण आले. कुणी रडत, कुणी भांडत, पण आले, आणि त्यांचे उपचार पुन्हा सुरू झाले.

नववी बाई लता महादेव कुंभार, वय सेहेचाळीस, मुरगूडजवळच्या एका गावची. फोन तिच्या नवऱ्यानं उचलला होता. ती आठ महिन्यांपूर्वीच गेली होती. मुजावरांनी फोन ठेवून यादी हर्षदापुढं सरकवली.

“मी जाते,” हर्षदा म्हणाली.

उन्मेषनं गाडी चालवली. घरापाशी पोचल्यावर त्यानं विचारलं, “येऊ?”

“नको. तक्ता माझा होता.”

महादेव कुंभार अंगणात छपराखाली गणपतीच्या मूर्तीला हात देत होते. साठीला टेकलेला, हडकुळा माणूस. तिनं नाव सांगितलं, रुग्णालय सांगितलं. त्यांनी हातातला शाडूचा गोळा खाली ठेवला नाही.

“हिरवा दिवा लागला हुता,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी पडद्यावर दावला मला. म्हणाले, सगळं निघालं.”

“डॉक्टरांनी जे दिसलं ते सांगितलं. तो दिवा ज्या तक्त्यावर लागतो तो तक्ता मी केला होता. लताबाईंसारखं ज्यांचं तोंड उघडत नाही, अशी माणसं मी त्यातून गाळली होती. गाळली नसती तर त्या दिवशी तिथं लाल लागला असता.”

ते गणपतीच्या कानाची पाळी अंगठ्यानं दाबत राहिले. ती गुळगुळीत झाली तरी अंगठा फिरत राहिला.

“मंजी जगली असती?”

“ते मला सांगता येणार नाही. जगायची संधी मिळाली असती, एवढं नक्की.”

घरातून कुणीतरी डोकावून गेलं. महादेवांनी ओलं फडकं घेऊन मूर्तीवर घातलं, हात धुतले, धोतराला पुसले. हर्षदा उभीच होती. त्यांनी तिला बसायला सांगितलं नव्हतं.

“आता तक्ता बदलला म्हणता?”

“बदलला. मागच्या महिन्यापासून सगळीकडे नवा चालतो.”

“त्यात हिचं धरलंय?”

“धरलंय. त्यांच्या जिभेवरचे चौदाही बिंदू त्यात आहेत.”

“नाव हाय?”

“नाव नसतं. क्रमांक असतो.”

“कितवा?”

तिला तो पाठ होता. “दोनशे चव्वेचाळीस.”

त्यांनी आत जाऊन एक वही आणली. मूर्तींच्या मागण्या लिहायची वही असावी. कोरं पान काढून त्यांनी ती पेनासकट तिच्यापुढं धरली. तिनं क्रमांक लिहिला. त्यांनी वही उजेडात धरून तीन आकडे एकेक करून वाचले.

“ह्या खेपंला तरी बरूबर हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

हर्षदानं वही परत मागून घेतली आणि पुन्हा एकदा तपासून बघितलं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.